बोटभर फट

आमच्या आल्टोला आरपीएमचा काटा नाही, त्यामुळे क्लच गेल्याचं मला कानांनीच कळलं. गोव्यातल्या केरीहून चोर्ला घाट चढत होतो. चौथ्यात अॅक्सिलरेटर दाबला की इंजिन जोरात ओरडायचं आणि वेगाचा काटा जागचा हलायचा नाही. तिसऱ्यात टाकली की जरा बरं. घाटमाथ्यावर चहाला थांबलो तेव्हा बायको म्हणाली, "काहीतरी करपल्याचा वास येतोय." मी म्हटलं पुढच्या ट्रकचे ब्रेक असतील. पुढे ट्रक नव्हता.

गाडी २००९ ची. एक लाख चौदा हजार किलोमीटर झालेत आणि क्लच कंपनीतून आला तोच. खरं तर त्याने भरपूर सोसलं. डिचोलीहून वेर्ण्याला नोकरीसाठी रोजची ये-जा, आणि नवा झुआरी पूल डिसेंबर २०२२ मध्ये सुरू होईपर्यंत जुन्या पुलाच्या तोंडाशी आगशी ते कुठ्ठाळी जी रांग लागायची ती ज्याने काढली त्यालाच ठाऊक. चढावर हँडब्रेक ओढायचा आळस करून अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवायची सवय मला तिथेच लागली. त्यात गेल्या मे महिन्यात भाच्याने याच गाडीवर ड्रायव्हिंग शिकून घेतलं. म्हणजे मामा-भाचे दोघांनी मिळून प्लेट खाल्ली.

गॅरेजमध्ये विचारलं तर सगळं धरून साडेआठ हजार सांगितले, आणि "चवथीच्या आधी नंबर लागणं कठीण" असंही. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, तीन आठवडे होते. सत्तरी तालुक्यातल्या मूळ घरी जायचं, गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान न्यायचं, आईला न्यायचं. बायकोने शांतपणे विचारलं, "म्हणजे यंदा कदंबाच्या बसने जायचं?" मी ऑइल बदलतो, ब्रेक पॅड बदलतो, एकदा रेडिएटरही उतरवला होता. त्या जोरावर बोलून गेलो, घरीच करू.

शेजारी एक मामा राहतात. नात्याने मामा नव्हेत, पण आख्ख्या वाड्याचे मामाच. खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते, २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा घरी बसले. डंपरचे गिअरबॉक्स उतरवलेला माणूस. त्यांना म्हटलं, "मामा, आल्टोचा क्लच घालायचाय, येणार का?" ते म्हणाले, "हांव बसून पळयतां. हात तुजे." म्हणजे मी बसून बघतो, हात तुझे. सल्ला फुकट आणि श्रम माझे. मला चाललं.

मामांनी पहिल्या दिवशी गाडी उघडूच दिली नाही. आधी केबल बघायला लावली. आल्टोचा क्लच केबलवर चालतो. गिअरबॉक्सच्या बाहेर क्लचची जी आर्म असते तिथे केबलच्या टोकाला आटे आणि नट असतो. क्लचची प्लेट जसजशी झिजते तसतशी तिला फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनाच्या जड चाकावर, दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटची बोटं बाहेर येतात, पेडल दाबल्यावर त्यांना ढकलणाऱ्या रिलीज बेअरिंगला टेकतात आणि पेडलची मोकळीक संपते. मोकळीक शून्य झाली की पाय वर असतानाही क्लच किंचित दाबलेलाच राहतो आणि चांगली प्लेटसुद्धा घसरते. कितीतरी लोक नुसती केबल ताणलेली असताना आख्खा क्लच बदलून बसतात, असं मामांचं म्हणणं. मी नट सैल केला, पेडलला मोकळीक आणली. मग हँडब्रेक ओढून, तिसऱ्या गिअरमध्ये टाकून, क्लच हळूहळू सोडला. क्लच ठीक असेल तर इंजिन गचकन बंद पडायला हवं. आमचं चालूच राहिलं. तेव्हा खात्री पटली.

त्याच उत्साहात मी क्लच सेट आणायला म्हापशाला गेलो आणि पहिली चूक केली. दुकानात नुसतं "आल्टोचा सेट" म्हटलं. आल्टो म्हटली की एकच गाडी असा माझा समज. घरी आणून खोका तसाच ठेवला हे त्यातल्या त्यात शहाणपण. पुढे जुनी प्लेट बाहेर आल्यावर तिच्यावर नवी ठेवून पाहिली तर नवी मोठी निघाली. तो सेट के-टेनचा, म्हणजे मोठ्या इंजिनाच्या आल्टोचा, होता. प्लास्टिक फोडलं नव्हतं, काळा हात लागला नव्हता, म्हणून दुकानदाराने कुरकुर न करता बदलून दिला. तेव्हापासून मी जुना भाग पिशवीत घालूनच दुकानाची पायरी चढतो. प्लेटचा व्यास आणि मधल्या भोकातल्या खाचा मोजून घ्यायच्या. नावावर विसंबायचं नाही.

घराच्या बाजूला पत्र्याची शेड आहे, खाली सिमेंटचा कोबा. ऑगस्टचा पाऊस पत्र्यावर असा वाजत होता की दोन हातांवरून बोललेलं ऐकू येईना. गाडी वर घेण्यासाठी एका मित्राचा ट्रॉली जॅक आणला, स्टँड मात्र दोनच मिळाले. मागच्या चाकांना दगड लावले आणि पुढची बाजू उचलली. शेडच्या कोपऱ्यात कुंपणाचे उरलेले चिरे रचलेले होते. मी सहज म्हटलं, आधाराला चार चिरे लावू का? मामा खुर्चीतून उठले. त्या दोन दिवसांत ते पहिल्यांदाच उठले. चिऱ्याचं घर शंभर वर्षं टिकतं कारण वजन सगळीकडून सारखं येतं. चेसीची धार एका जागी टेकली आणि चिरा पावसाने भिजलेला असला तर तो सांगूनसवरून फुटत नाही, एकदम भुगा होतो. खाणीवर असं झालेलं त्यांनी पाहिलं होतं. पुढचं त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. संध्याकाळी आणखी दोन स्टँड शोधून आणले आणि काढलेली पुढची चाकंही दारांखाली आडवी सरकवली. गाडी पडलीच तर चाकावर पडावी, छातीवर नको.

उघडायला दीड दिवस गेला. त्यातला निम्मा वेळ गंजाने खाल्ला. समुद्र आमच्यापासून बराच लांब असला तरी माझी गाडी रोज झुआरीच्या वाऱ्यात उभी असते. खालच्या बॉल जॉइंटचा बोल्ट हलायलाच तयार नव्हता. रात्री त्यावर गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवला, सकाळी पुन्हा मारला, आणि मग पाना आधी घट्ट करायच्या दिशेने जरासा दाबून नंतर सोडवायच्या दिशेने फिरवला. कर्रर्र करत सुटला. मी आदल्या संध्याकाळीच पान्यावर पाइप चढवून ओढणार होतो. बोल्ट तुटला असता तर आत अडकलेलं टोक ड्रिल करून काढायला लेथवाल्याकडे जावं लागलं असतं.

बॅटरीची निगेटिव्ह वायर सगळ्यात आधी काढली, कारण स्टार्टर काढायचा होता आणि त्याच्या जाड वायरीत करंट सतत असतो. मग बॅटरी आणि तिचा ट्रे, गिअर लिव्हरची जोडणी, स्पीडोमीटरची जोडणी, रिव्हर्स लाइटची वायर, गिअरबॉक्सवरची अर्थ वायर. प्रत्येक गोष्ट काढायच्या आधी मोबाइलवर फोटो. बोल्ट मात्र डब्यात टाकायचे नाहीत असं मामांनी बजावलं. एका मोठ्या पुठ्ठ्यावर गिअरबॉक्सचा गोल आकार पेनने काढला आणि बोल्ट जिथून निघाला तिथेच पुठ्ठ्यात खुपसला. बेल हाऊसिंगचे, म्हणजे गिअरबॉक्सच्या इंजिनाला टेकणाऱ्या तोंडाचे, बोल्ट दिसायला सारखे, पण लांबी वेगळी. लांब बोल्ट आखूड जागी गेला तर तळाशी टेकतो, आपल्याला वाटतं घट्ट झाला, आणि फट तशीच राहते. तो पुठ्ठा भाच्याने अजून जपून ठेवलाय. त्याला ती कला वाटते.

गिअर ऑइल खाली काढलं. साधारण दोन लिटर, चहाच्या चोथ्यासारखं काळं. ड्राइव्ह शाफ्ट काढताना मामांनी दोन गोष्टी पुन्हा पुन्हा सांगितल्या. एक, चाकाच्या बाजूचा मोठा हब नट सोडवायची गरजच नाही. बॉल जॉइंट सुटला की चाकाचा आख्खा भाग बाहेरच्या बाजूला वळतो आणि शाफ्टचं आतलं टोक गिअरबॉक्समधून निघतं. दोन, शाफ्टला धरून ओढायचं नाही. ओढलं की आतला जॉइंट रबरी बुटाच्या आत निखळतो आणि मग बसा ग्रीसमध्ये बोटं घालत. जॉइंट आणि गिअरबॉक्सच्या मध्ये दोन बाजूंनी टॉमी, म्हणजे लोखंडी कांब, घालून एकदम उचकायचं. तसं केलं आणि टप् आवाज करत शाफ्ट सुटला. दुसऱ्या बाजूचा त्रास देत होता, त्याला मी जरा जास्तच वाकडातिकडा हलवला. ते पुढे अंगाशी आलं.

आता इंजिन. आल्टोचं इंजिन आडवं बसतं आणि गिअरबॉक्स त्याच्या एका टोकाला. गिअरबॉक्सचं माउंटिंग सोडलं की इंजिनाचं ते टोक लोंबकळतं. गॅरेजमध्ये त्यासाठी आडवी लोखंडी पट्टी असते. आमच्याकडे जुन्या घराच्या छपरातून निघालेला सागाचा वासा होता. बॉनेट उघडून तो दोन्ही बाजूंना आडवा टाकला, इंजिनाच्या हुकात साखळी अडकवून वाशाला बांधली. वासा मी मडगार्डच्या पातळ पत्र्यावर ठेवायला निघालो होतो. तिथे तो ठेवला असता तर क्लचपेक्षा डेंटिंगचं बिल जास्त झालं असतं. मडगार्डच्या आत एक जाड पट्टी असते, बॉनेटच्या कडेखालची, तिच्यावर टॉवेलच्या घड्या घालून टेकवला.

बेल हाऊसिंगचे बोल्ट निघाले, ट्रॉली जॅकवर फळी ठेवून गिअरबॉक्सच्या खाली लावली. आणि इथे मामा पुन्हा उठले. गिअरबॉक्स सुटताना त्याचा शाफ्ट क्लच प्लेटच्या भोकात अजून अडकलेला असतो. त्या क्षणी गिअरबॉक्स खाली झुकू दिला तर त्याचं सगळं वजन त्या शाफ्टवरून प्लेटच्या मधल्या भागावर येतं. प्लेट तिथे वाकते. काढताना जुनी वाकली तर काही बिघडत नाही, पण बसवताना नवी वाकली तर गिअर पडताना करकरायला लागतात आणि सगळं पुन्हा उतरवावं लागतं. म्हणून काढतानाच सवय करायची. भाचा एका बाजूने, मी दुसऱ्या, जॅक मामांच्या हातात. "सरळ. सरळ बाहेर. खाली नाही रे, बाहेर." गिअरबॉक्स तांदळाच्या पंचवीस किलोच्या पोत्यापेक्षा जड लागला आणि पोत्यासारखा धरायला कुठेच कोपरा नाही.

आतून काळी भुकटी निघाली. भाचा तोंडाने फुंकर मारणार तोच मी त्याला मागे ओढलं. ती घासलेल्या लायनिंगची, म्हणजे प्लेटवरच्या घर्षणाच्या थराची, धूळ, फुप्फुसात जायची वस्तू नव्हे. नाकाला रुमाल बांधून ओल्या फडक्याने पुसली आणि फडकं पिशवीत बांधून टाकलं. मामांनी खाणीवर आयुष्यभर हवेच्या पाइपने ती उडवली आणि ते खोकत खोकत मला म्हणाले, पुसतोस ते बरं करतोस.

जुनी प्लेट हातात घेतली. लायनिंगमध्ये रिव्हेट खोल असायला हवेत, निदान अर्धा मिलिमीटर तरी. आमचे रिव्हेट लायनिंगच्या सपाटीला आले होते आणि एका बाजूचे दोन चकाकत होते. म्हणजे त्यांनी फ्लायव्हील घासायला सुरुवात केली होती. टॉर्चच्या उजेडात फ्लायव्हीलवर निळसर डाग दिसले, तापून झालेले, आणि केसाएवढ्या बारीक रेघा. नखाने चाचपलं तर एक कडा हाताला लागली. नवी प्लेट अशा फ्लायव्हीलवर टाकली की गाडी पहिल्यात उचलताना थरथरते, आणि लोक म्हणतात सेटच खराब होता.

फ्लायव्हील काढणं अर्थातच वाढीव काम. पण ते काढल्यावर क्रँकचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य शाफ्टचं, मागचं ऑइल सील दिसतं. आमचं ओलसर होतं. गळत नव्हतं, नुसता तेलाचा दमटपणा. मी म्हटलं, एवढ्याशाला काय करायचं? मामा म्हणाले, "एकशे ऐंशीची वस्तू आहे. वाचव आणि पुढच्या पावसात परत गिअरबॉक्स काढ." बदललं. फ्लायव्हील म्हापशात लेथवर नेऊन अगदी थोडं घासून घेतलं, फक्त डाग जाईपर्यंत. रात्री घरी आणून शेडमध्ये ठेवलं आणि सकाळी बघतो तर त्या चकचकीत पृष्ठभागावर केशरी गंज चढलेला. एका रात्रीत! आमच्याकडची ऑगस्टची हवाच तशी. बारीक पॉलिश पेपरने आणि ब्रेक क्लीनरच्या स्प्रेने पुन्हा साफ केलं आणि बसवायच्या वेळेपर्यंत कागदात गुंडाळून स्वयंपाकघरात ठेवलं. बायकोने ते ओट्यावर बघितलं आणि काही बोलली नाही. ते बोलण्यापेक्षा वाईट.

बसवताना हात साबणाने धुऊन घेतले. ही गोष्ट कोणी सांगत नाही पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. प्लेटच्या लायनिंगवर ग्रीसचा एक अंगठा उमटला तरी क्लच धरताना झटके देतो. प्लेट नेहमी कडेने धरायची. तिची बाजूही बघायची, मधला स्प्रिंगांचा फुगवटा गिअरबॉक्सकडे. उलटी लावली की स्प्रिंग फ्लायव्हीलच्या बोल्टांना घासतात आणि क्लच सुटतच नाही. गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या खाचांना ग्रीस लावायचं, पण बोटाने लावून बोटानेच पुसून काढायचं, मागे उरेल तेवढंच. जास्त लावलं की फिरताना उडून लायनिंगवर बसतं. रिलीज बेअरिंग रॉकेलमध्ये धुवायचं नाही. भाच्याने जवळजवळ धुतलंच होतं. आत भरलेलं ग्रीस एकदा निघालं की ते महिनाभरात शिट्टी वाजवतं.

प्लेट मध्यभागी धरायला एक दांडा लागतो. बाजारात प्लास्टिकचा मिळतो. मी हुशारी करून मोडक्या छत्रीचा लाकडी दांडा घेतला, त्यावर इन्सुलेशन टेप गुंडाळत गुंडाळत एका टोकाला फ्लायव्हीलच्या मधल्या बेअरिंगएवढा आणि वर प्लेटच्या भोकाएवढा जाड केला. दिसायला झकास. प्रेशर प्लेटचे सहा बोल्ट समोरासमोरचे धरून, प्रत्येकाला अर्धा अर्धा फेरा देत आवळले. एकच बाजू आधी घट्ट केली की प्रेशर प्लेट वाकते. शेवटचा आवळ टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोराने आवळलं ते कळणाऱ्या पान्याने. हा पाना मी याच कामासाठी घेतला.

मग गिअरबॉक्स वर. जॅक, फळी, दोन माणसं, सरळ, सरळ. शाफ्ट आत शिरला, हाऊसिंग इंजिनाच्या जवळ आलं आणि थांबलं. बोटभर फट. हलवलं, डोलवलं, जॅक एक दात वर, एक दात खाली. बोटभर फट. पाठ दुखत होती, पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता, संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. मी वरचा लांब बोल्ट घातला आणि पान्याने आवळायला लागलो. फट खरंच कमी होऊ लागली. मला केवढा आनंद झाला. दोन फेऱ्यांनंतर पाना जड लागला.

"सोड तो पानो." मामा ओरडले नाहीत, हळूच म्हणाले. आणि मग पत्र्यावरच्या पावसात मला समजावलं. हे हाऊसिंग अॅल्युमिनियमचं. बोल्टाने ओढून बसलं असतं तर हाताने ढकलूनही बसलं असतं. बसत नाही म्हणजे आत काहीतरी आडवं आहे. बोल्ट आणखी दोन फेरे फिरवलास तर हाऊसिंगचा कान तुटेल, किंवा प्लेटचं मधलं भोक फाटेल. कान तुटला तर जुन्या बाजारातून आख्खा गिअरबॉक्स आणायचा, आणि त्याच्या आत काय असेल ते देवालाच ठाऊक.

त्या दिवशी तिथेच थांबलो. मला वाटतं आख्ख्या कामातला सगळ्यात महाग ठरू शकला असता तो क्षण हाच, आणि तो पूर्ण थकल्यावर आला. सकाळी गिअरबॉक्स परत मागे घेतला. टॉर्च मारून पाहिलं तर प्लेट दोनेक मिलिमीटर खाली बसलेली. माझ्या छत्रीच्या दांड्यावरची टेप दाबली गेली होती. प्रेशर प्लेटचे बोल्ट किंचित सैल केले, प्लेट हलेल एवढेच. मग मामांनी एक डोळा मिटून प्लेटचं भोक, प्रेशर प्लेटची बोटं आणि मागचं बेअरिंग अशी तिन्ही वर्तुळं एकात एक येईपर्यंत बोटाने प्लेट सरकवली. दांड्याशिवाय. बोल्ट पुन्हा आवळले. गिअरबॉक्स वर नेला, भाच्याने क्रँकच्या पुलीचा बोल्ट पान्याने जरासा फिरवला, खाचा जुळल्या आणि हाऊसिंग हाताच्या दाबाने टक् करून इंजिनाला टेकलं. तो आवाज मी विसरणार नाही.

बाकीचं भराभर झालं, फोटो आणि पुठ्ठा बघत. क्लच केबलही नवीच टाकली, कारण जुनीच्या टोकाशी दोन तारा तुटून वर आल्या होत्या आणि नव्या क्लचवर जुनी केबल म्हणजे नव्या घराला जुनी कडी. मामांनी मात्र एक काम सुरुवातीलाच केलं होतं. तेल काढल्या दिवशीच त्यांनी गिअर ऑइलची रिकामी बाटली सुतळीने स्टिअरिंगला टांगली होती. गिअरबॉक्समध्ये तेल भरेपर्यंत ती काढायची नाही. सगळं जोडून झाल्यावर माणूस चावी फिरवायला इतका उतावीळ होतो की तेल भरायचं विसरतो, आणि कोरडा गिअरबॉक्स थोड्या अंतरातच निकामी होतो. खाणीवर ते डंपरच्या स्टिअरिंगला फडकं बांधायचे. मी हसलो होतो, पण चावी घेऊन आत बसलो तेव्हा बाटली नाकासमोर लटकत होती आणि तेल भरायचं राहिलंच होतं.

लेव्हलच्या भोकातून बाहेर येईपर्यंत तेल भरलं. गाडी सुरू केली. रिव्हर्स टाकला, करकर नाही. हँडब्रेक ओढून तिसऱ्यात क्लच सोडला, इंजिन गचकन बंद. मी आणि भाचा दोघंही ओरडलो. मागे घेताना रिव्हर्सचा दिवा लागला नाही, ती वायर जोडायची राहिली होती. फोटो होता, तरी.

चौथ्या दिवशी सकाळी कोब्यावर तेलाचा डाग. एका ड्राइव्ह शाफ्टच्या बाजूला. तोच शाफ्ट, जो मी वाकडातिकडा हलवून काढला होता. परत घालताना त्याच्या खाचांनी सीलची ओठासारखी रबरी कडा कापली होती. दोन्ही बाजूंची सीलं मिळून दोनशे वीस रुपयांची, आणि ती शाफ्ट बाहेर असताना दहा मिनिटांत बदलली असती. मी क्रँकचं सील बदललं आणि ही दोन "चांगली दिसतात" म्हणून ठेवली. पुन्हा बॉल जॉइंट, पुन्हा शाफ्ट, पुन्हा नवं तेल. या वेळी सीलच्या ओठाला तेल लावून शाफ्ट दोन हातांनी आधार देत सरळ आत सरकवला.

हिशेब मांडला तो असा. सेट दोन हजार नऊशे पन्नास, केबल साडेतीनशे, मागचं सील एकशे ऐंशी, तेल साडेनऊशे, लेथवाल्याचे पाचशे, स्प्रे दोनशे ऐंशी. मिळून पाच हजार दोनशे दहा. माझ्या चुकीचे वरचे अकराशे सत्तर. आणि टॉर्क पाना चोवीसशेचा. एकूण आठ हजार सातशे ऐंशी, म्हणजे गॅरेजपेक्षा दोनशे ऐंशी जास्त. बायकोने वही बघितली आणि म्हणाली, "स्प्रे नसता घेतलास तर बरोबरी झाली असती." पाना राहिला, असं मी म्हणतो.

मामांनी पैसे घेतले नाहीत. चवथीला नेवऱ्या पाठवा म्हणाले. आम्ही वाळपईवरून घरी गेलो, आई मागे, माटोळीच्या पिशव्या डिकीत, चढावर गाडी हँडब्रेकवर. नवी प्लेट बसेपर्यंत पहिले पाचशे किलोमीटर जपून चालवायचे, घाई नाही, अर्धा क्लच नाही. काल काटा चारशे दहावर होता. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकतो, सकाळी उचलून बघतो. कोरडा असतो. भाचा रोज चावी मागतो, आणि मी त्याला अजून नव्वद किलोमीटर बाकी आहेत असं सांगतो.